हायनेस सीबी ३५० : रनिंग संपल्यावरचं मत

शोरूमच्या दारात हार घातलेली गाडी कुणालाही चांगलीच दिसते. म्हणून होंडाच्या या मोटरसायकलचं रनिंग (नवं इंजिन जपून चालवायचे पहिले काही किलोमीटर) संपलं, पहिली सर्व्हिस झाली, साखळी ताणून घेतली, कुंभार्ली घाट चढून-उतरून झाला, आणि मगच लिहायला बसलोय.

माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. लेलँड आणि टाटाची इंजिनं उघडायची, बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक) बघायचा, पिस्टनच्या रिंगा टाकायच्या, पुन्हा बंद करायची. राहतो कराडला. निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी एक बरी मोटरसायकल घ्यायची हे ठरलेलंच होतं. पोराचं म्हणणं, बाबा आता स्कूटर घ्या. मंडळींची अट एकच, मागची सीट रुंद पाहिजे. दोघांपैकी मंडळींचं ऐकलं.

यादीत खरं तर दोनच गाड्या होत्या. एक रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०. आमच्याकडे एनफिल्डची कुठलीही गाडी घ्या, लोक तिला बुलेटच म्हणतात, आणि त्या नावाचा मोह मलाही आहे. दुसरी होंडाची हायनेस. चाकणला तयार होणारी ट्रायम्फ स्पीड ४०० पोराने दाखवली. इंजिन झकास आहे, ३९८ सीसी आणि ४० पीएस, पण ही ताकद ८००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला आठ हजार फेरे घेतं तेव्हा मिळते. पाटण रोडला ऊसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मी ८००० आरपीएम कुठे वापरणार? शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांचा ४० टक्के. क्लासिक ३४९ सीसीची, हायनेस ३४८ची. दोघी कुंपणाच्या आतल्या बाजूला.

आता या दोघींत हायनेसच का? कागदावर ताकद जवळपास सारखी, वीस-एकवीस पीएस. फरक टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ओढीत आहे. क्लासिकचा २७ न्यूटन मीटर, ४००० आरपीएमला. हायनेसचा ३०, तोही ३००० ला. दोन्ही इंजिनं लांब स्ट्रोकची (पिस्टनचा वर-खाली प्रवास बोअरच्या रुंदीपेक्षा जास्त), पण होंडाने ते जरा जास्तच ताणलंय: बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक साडेनव्वद. असं इंजिन खालच्या आरपीएमला ओढतं, आणि माझं चालवणं सगळं तिथलंच. दुसरी गोष्ट वजनाची. क्लासिक १९५ किलो, हायनेस १८१. चालवताना हे चौदा किलो कळतही नाहीत. अंगणातल्या उतारावरून गाडी मागे ढकलताना मात्र गुडघ्याला बरोबर कळतात. दोन्ही गाड्या तशा ढकलून बघा आणि मग ठरवा, शोरूमवाला काहीही म्हणू दे.

ज्याच्यासाठी लिहितोय त्या विषयावर येतो. रनिंग.

एका शोरूममध्ये (कंपनी कुठली ते सोडा) विक्रीवाल्या पोराने मला सांगितलं, “काका, पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही.” तिथेच दुसरा पोरगा गिऱ्हाईकाला ताबा द्यायची नवी गाडी सुरू करून, गार इंजिनावर, आवाज ऐकवायला थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पिळत होता. एकाच छपराखाली दोन्ही चुका.

चाळीसचा नियम आला कुठून, ते आमच्या पिढीला माहीत आहे. राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्या. बोअर बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम तापलं की बिडापेक्षा जास्त फुगतं. नवी गाडी पिळली की पिस्टन बोअरमध्ये धरायचा आणि मागचं चाक जागेवर जॅम. त्यात तेल पेट्रोलमध्ये मिसळलेलं, कमी पडलं तर संपलंच. तेव्हा तो नियम बरोबर होता. आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तेलाचा पंप आहे, मशीनिंगची मापं काटेकोर आहेत. सल्ला मात्र तोच चाललाय.

रनिंगमध्ये नेमकं होतं काय? नव्या बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या (शेवटच्या घासणीच्या) तिरक्या रेघा असतात, एकमेकींना छेदणाऱ्या. त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्यात तेल धरतं, आणि त्यांच्या बारीक टोकांवर रिंगा घासून आपली जागा करून घेतात. पण रिंग भिंतीला दाबून धरतं कोण? तिचा स्वतःचा ताण थोडाच असतो. खरा दाब देतो तो जळालेला वायू. तो रिंगच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. इंजिनावर भार असेल तर दाब असतो, भार नसेल तर नाही. नवी गाडी तुम्ही पहिल्यापासून गोंजारत, एकाच हलक्या वेगाने चालवलीत, तर रिंगा नीट बसायच्या आधीच बोअर गुळगुळीत होऊन बसतो. आमच्या भाषेत ग्लेझ झाला. मग गाडी तेल खाते आणि पुढची सगळी वर्षं मालक मेकॅनिकला शिव्या देतो. डेपोत ओव्हरहॉल केलेलं इंजिन कुणी आयडलला घुरघुरत ठेवलं की आमचे फोरमन ओरडत यायचे, ते याचसाठी.

म्हणजे पिळायची का? तेही नाही. नव्या पृष्ठभागांवरची टोकं घासताना उष्णता जास्त होते. पूर्ण थ्रॉटल सतत दिला तर जिथे घासायचं तिथे वितळून चिकटायला लागतं. होंडाचं मॅन्युअल पहिल्या ५०० किलोमीटरसाठी एवढंच सांगतं: पूर्ण थ्रॉटल आणि झटकन पिकअप नको, जोरात ब्रेक नको, धडाधड गिअर खाली नको. चाळीस-पन्नासचा आकडा त्यात नाही. आणि वरच्या गिअरमध्ये गाडी कमी वेगात रेटत, गचके देत नेणं हे पिळण्याइतकंच वाईट. वेग कमी, गिअर पाचवा, थ्रॉटल अर्धा, अशी कुरकुरत चालणारी नवी गाडी बघवत नाही.

मी केलं ते असं. हायवेला गेलोच नाही. तासवडेच्या टोलनाक्याकडे जाणारा सरळ रस्ता नव्या इंजिनाला निरुपयोगी, कारण तिथे वेग बदलत नाही. मी निवडला ढेबेवाडीचा रस्ता. चढ, उतार, गाव, स्पीडब्रेकर, म्हशी, पुन्हा चढ. गिअर आपोआप बदलत राहतात. चढाला निम्म्या-पाऊण थ्रॉटलने थोडं ओढू द्यायचं, मग थ्रॉटल सोडून इंजिनावरच वेग उतरू द्यायचा. सोडल्यावर सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, तेल रिंगांपर्यंत वर येतं, बोअर धुतला जातो. सकाळी सुरू केल्यावर मिनिटभरात निघायचं, पण पहिले दोन-तीन किलोमीटर हळू. पुढे कोयनानगरवरून हेळवाक, आणि तिथून कुंभार्ली.

हायनेसला आरपीएमचा काटा नाही. या गाडीवरची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. कितव्या गिअरमध्ये आहोत ते दाखवतात, सरासरी मायलेज दाखवतात, बॅटरीचा व्होल्टेजसुद्धा दाखवतात, आणि नव्या मालकाला ज्याची सर्वात जास्त गरज तोच आकडा नाही. मला कानाने कळतं. नवख्याने काय करायचं? त्याला एवढंच सांगेन, थ्रॉटल थोडा दिल्यावर गाडी लगेच पुढे सरकत नसेल तर एक गिअर खाली घ्या.

गाडीचा पाचवा गिअर लांब आहे. पन्नासच्या खाली तो मागूच नये. कुंभार्लीच्या वळणांवर तिसरा आणि चौथा एवढंच लागतं, आणि तिथे हे इंजिन खरंच सुख देतं. मागे मंडळी, डिकी नाही म्हणून मांडीवर पिशवी, आणि तरी तिसऱ्यात आवाज न चढवता गाडी वर जाते. आवाज भरदार आहे, हादरे फार कमी. क्लच इतका हलका की माझ्या सांधेदुखीच्या बोटांनाही चालतो. ओल्या रस्त्यासाठी टॉर्क कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी सोय) दिलाय, घाटात तो चालूच ठेवा. टायर ट्यूबलेस, हे खेडोपाडी फिरणाऱ्याला फार मोलाचं.

रनिंग इंजिनापुरतंच असतं असं समजू नका. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, पहिले दीडेकशे किलोमीटर वळणावर गाडी झोपवायची नाही. ब्रेक पॅड डिस्कवर बसायला वेळ घेतात. साखळी सुरुवातीला जास्त सैल पडते, तिच्याकडे लक्ष हवं. पहिलं ऑइल वेळेवर बदला, लांबवू नका. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच सगळं त्याच तेलात असतं, आणि घासलेल्या धातूचा चुरा त्यातच. माझं काढलेलं ऑइल उन्हात धरून बघितलं तर चांदीची झाक होती. हे व्हायलाच पाहिजे. दुसऱ्या वेळी तशी दिसली तर मात्र चौकशी करा. तेल १०डब्ल्यू-३० जाडीचं, डब्यावर जॅसो एमए (मोटरसायकलच्या तेलाचा दर्जा) लिहिलेलं. मोटारीचं घर्षण कमी करणारं तेल ओतलंत तर तेलात बुडालेला हा क्लच घसरेल.

मायलेज मला पस्तिसाच्या आसपास पडतं, टाकी १५ लिटरची, म्हणजे कराड-चिपळूण जाऊन-येऊन पंपाचं तोंड बघावं लागत नाही. ही गाडी होंडाच्या बिगविंग शोरूममध्येच मिळते आणि ती प्रत्येक तालुक्याला नाहीत. सर्व्हिसला कुठे जाणार ते घेण्याआधी बघून ठेवा. उंची साडेपाच फुटांच्या आत असेल तर ८०० मिलिमीटरची सीट बसून तपासा, पाय टेकतात का ते. आणि रोज हायवेला शंभर-एकशेदहाने तासन्तास जायचं असेल, तर ही घेऊ नका, स्पीड ४०० बघा. जीएसटी जास्त बसेल, पण तिथे ती गाडी लागते.