लॅब्रेडॉरच्या खुब्यांचा एक्स-रे आणि ओएफए रिपोर्ट: अर्धं वर्ष उलटल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. कुत्रीच्या खुब्यांचा एक्स-रे काढून ओएफए या अमेरिकन संस्थेकडून ग्रेड घ्यायची ही तपासणी करून घेण्यासारखी आहे, पैसे पाण्यात गेले असं अजून तरी वाटलेलं नाही. पण रिपोर्ट हातात आला की मेटिंग लावायला मोकळे, असा ज्यांचा समज आहे त्यांनी जरा दमानं घ्यावं. रिपोर्ट अर्धाच प्रश्न सोडवतो. उरलेला अर्धा नराच्या मालकाकडे असतो आणि माझे बहुतेक महिने तिथेच गेले.

आमची ढमी पिवळी लॅब (लॅब्रेडॉर), मुक्काम घोडबंदर रोड. कागदावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, त्या नावाला ती वळूनही बघत नाही. तिचं एक लिटर, म्हणजे पिल्लांचं एक वेत, घ्यावं असं मनात होतं आणि पिल्लांसाठी नातेवाइकांनी आधीच नंबर लावून ठेवले होते. आमच्या डॉक्टरांनी मात्र सरळ सांगितलं, "ताई, आधी खुबे बघू, मग बाकीचं."

हिप डिसप्लेसियात मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत घट्ट बसत नाही. सैल सांधा हलत राहतो, वाटीची कड झिजते आणि पुढे संधिवात होतो. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा दणकट जातींत हे जास्त दिसतं. अनेक जनुकं मिळून हा घोळ घालतात, वर लहानपणचं वजन आणि वाढीचा वेग भर टाकतो. त्यामुळे रक्त तपासून ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगता येत नाही, एक्स-रेच लागतो. पळणारा-उड्या मारणारा कुत्रासुद्धा आतून सैल असू शकतो.

पद्धती दोन-तीन आहेत. ब्रिटनमध्ये प्रत्येक खुब्याला 0 ते 53 गुण देतात, दोन्ही मिळून जितके कमी तितकं चांगलं. पेनहिप ही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेली पद्धत. तिच्यात सांधा मुद्दाम ताणून तो किती सैल आहे हे मोजतात आणि पिल्लू 16 आठवड्यांचं झालं की करता येते. मला हीच जास्त पटली होती, पण तिला खास प्रशिक्षण घेतलेला डॉक्टरच लागतो आणि माझ्या सोयीच्या अंतरावर तसा कुणी मिळाला नाही. म्हणून ओएफए. अमेरिकेत मिसुरीतल्या कोलंबिया गावी 1966 पासून चालत आलेली ही संस्था. इथे काढलेली डिजिटल फिल्म तिकडे पाठवायची, तीन रेडिओलॉजिस्ट ती वेगवेगळी बघतात आणि एक ग्रेड मिळते. एक्सलंट, गुड, फेअर या तिन्ही पास. मग बॉर्डरलाइन आणि त्याखाली माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर.

एक मेख लक्षात ठेवा. आपल्याकडच्या 2017 च्या ब्रीडिंग नियमांप्रमाणे कुत्री 18 महिन्यांची होईपर्यंत मेटिंग करता येत नाही. ओएफएची पक्की ग्रेड मात्र 24 महिने पूर्ण झाल्याशिवाय मिळतच नाही, त्याआधी मिळते ती तात्पुरती. मधल्या सहा महिन्यांत घाई करणारे खूप भेटतात. शिवाय हीटच्या (कुत्री माजावर येते त्या दिवसांच्या) आसपास एक्स-रे काढू नये, कारण त्या दिवसांत सांधे सैल दिसू शकतात. तीन-चार आठवडे अलीकडे-पलीकडे सोडून तारीख घ्या.

आता एक्स-रेविषयी. पहिल्या क्लिनिकमध्ये भूल न देताच दोघांनी ढमीला धरलं आणि "झालं" म्हणाले. फिल्म वाकडी आली. तरी तिच्याकडे बघून "एकदम मस्त खुबे" असं तोंडी सर्टिफिकेटही मिळालं! मी ती आमच्या डॉक्टरांना दाखवली तर त्यांनी पेनानं दोन जागा दाखवल्या. कमरेच्या हाडात खाली डावी-उजवीकडे दोन अंडाकृती भोकं दिसतात, ती सारख्या आकाराची हवीत. आमच्या फिल्ममध्ये एक ऐसपैस आणि एक चिंचोळं होतं, म्हणजे कंबर एका बाजूला कललेली. गुडघ्याच्या वाट्या मांडीच्या हाडाच्या बरोबर मध्यावर हव्यात, त्या बाहेर सरकल्या होत्या. अशा फिल्मवर चांगला सांधा वाईट दिसतो आणि वाईट चांगला.

दुसऱ्या ठिकाणी रीतसर काम झालं. रात्रीपासून उपाशी, सकाळी रक्ततपासणी, मग भूल. उताणं झोपवून मागचे दोन्ही पाय सरळ, समांतर ओढले आणि किंचित आत वळवले. फिल्म मला स्क्रीनवर दाखवून, पटेपर्यंत पुन्हा काढली. कातडीखालच्या मायक्रोचिपचा 15 आकडी नंबर आधी स्कॅनरनं वाचून फिल्मवरच टाकला. हे फार महत्त्वाचं, नाहीतर कुणाचीही फिल्म कुणाच्याही नावावर खपेल. त्याच भुलीत कोपरांचेही एक्स-रे उरकून घेतले, लॅबमध्ये तीही दुखरी जागा असते.

रिपोर्ट आला: फेअर. घरात एकदम शांतता, जणू दहावीला सेकंड क्लास आला. पण फेअर म्हणजे पासच. सांधा आदर्श नाही, आजारीही नाही. डॉक्टरांचं म्हणणं इतकंच की नर हिच्यापेक्षा चांगल्या खुब्यांचा बघा आणि त्याच्या भावंडांची माहिती मिळाली तर तीही काढा.

इथून खरी वरात सुरू झाली. ठाण्यात, ऐरोलीत, डोंबिवलीत स्टड, म्हणजे मेटिंगसाठी ठेवलेले नर, हवे तितके. फोनवर खुब्यांचा रिपोर्ट विचारला की पलीकडे आधी खोकला. मग ठरलेलं उत्तर, "ताई, केसीआयचे पेपर आहेत ना!" अहो, ते केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर वंशावळीचे, त्यात खुब्यांबद्दल अवाक्षर नसतं. एक जण म्हणाला, "आमचा ब्रूनो तीन मजले जिने चढतो, एक्स-रे कशाला?" दुसऱ्यानं रिपोर्ट पाठवला तर तो वडिलांचा निघाला. वर मलाच सल्ला, "एवढं बघत बसलात तर कुत्री म्हातारी होईल."

दरम्यान रिपोर्टचा उपयोग वेगळ्याच जागी झाला. 48 लॅब्रेडॉरवर जन्मभर चाललेला एक जुना अमेरिकन अभ्यास आहे. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणारे साधारण 13 वर्षं जगले, जास्त खाणारे 11.2, आणि संधिवातही कमी खाणाऱ्यांना उशिरा आला. हे डॉक्टरांकडून ऐकल्यावर आमच्याकडे सासूबाईंच्या हातची तूप-पोळी बंद झाली. दोघी आठवडाभर माझ्यावर रुसल्या होत्या. ढमीच्या फासळ्या आता हाताला लागतात. हॉलमधल्या गुळगुळीत टाइल्सवर रबरी मॅट पसरल्या आहेत, दिसायला भयंकर, पण तिचे मागचे पाय घसरायचे थांबले.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो एवढ्यासाठी, की फिल्म कशी काढायची याचा आपल्याकडे काही धरबंध नाही, मालकालाच भोकं मोजत बसावं लागतं. अपॉइंटमेंट घेताना विचारा: भूल देणार का, चिप फिल्मवर टाकणार का, मूळ डिजिटल फाइल मला मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर दुसरीकडे जा.

नर अखेर सीवुड्सला मिळाला. मालकानं स्वतः चौकशी करून, आमची फिल्म बघून, आपल्या कुत्र्याची काढून घ्यायचं कबूल केलं. त्या नराला दोन वर्षं पूर्ण व्हायला अजून थोडा अवकाश आहे, म्हणून ढमीची येणारी हीट सोडून देतोय. नंबर लावलेल्या नातेवाइकांना तसं कळवलंय, दोघांनी नाव मागे घेतलं.