"तुम्ही म्हणजे आजचे धारप!"

हे वाक्य फोनवर ऐकू आलं की फोन ठेवून द्या. मी ठेवला नाही आणि बेचाळीस हजार रुपये घालवून बसलो.

बारा वर्षं दिवाळी अंकांत भयकथा आणि विज्ञानकथा लिहितोय. मानधन म्हणजे बहुतेकदा अंकाची एक प्रत, फार तर पाचशे रुपये. त्यामुळे एका प्रकाशकाने आपणहून 'तुमचा कथासंग्रह काढू' म्हटल्यावर मी विरघळलोच. नारायण धारपांशी तुलना झाल्यावर कुठला भयकथालेखक शुद्धीवर राहील?

पुस्तक ते काढणार, पैसे मी देणार. याला त्यांच्याकडे 'लेखकाचा सहभाग' म्हणतात. मुखपृष्ठ, डीटीपी, मुद्रितशोधन, पाचशे प्रती. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे, चार हजार वेगळे. आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी संस्थेकडून, आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकही तो मागू शकतो. मला हे पैसे भरल्यावर कळलं.

साठ प्रती घरी आल्या, बाकीच्या म्हणे 'वितरणात'. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची चार दुकानं फिरलो, पुस्तकाचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. छापल्याच साठ असाव्यात. आणि मुद्रितशोधन? शेवटच्या कथेत 'हडळ'ची सगळीकडे 'हळद' झालेली. मध्यरात्री विहिरीतून हळद वर येते, तर घाबरायचं कुणी?

पैसे गेले त्याचं एक वेळ सोडा, खरा फास करारात होता. 'सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी' ही ओळ वाचूनच मी सही केली होती. कागदात मुदत लिहिलेलीच नसेल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात. म्हणजे ती जागा कोरी असती तरी मी वाचलो असतो! करार हातात पडला की रॉयल्टीच्या टक्क्यांआधी मुदत आणि माध्यमं बघा. भयकथा आता वाचण्यापेक्षा ऐकल्या जातात आणि प्रकाशकाला ते आपल्याआधी ठाऊक असतं.

गेल्या महिन्यात भाचीने एका ऑडिओ ॲपवर माझीच कथा लावली. मला ना विचारलं होतं, ना एक रुपया दिला होता. आवाज मात्र झकास, खर्जातला. त्या माणसाने छापलंय तेच इमानेइतबारे वाचलं होतं. विहिरीच्या काठावर ओले हात टेकवून हळद वर आली.