पेशवे दरबारात मॅलेट: कॅनव्हास घ्यावा की कागद?

आमचा धंदा फ्रेमिंगचा, त्यामुळे प्रिंट हातात आली की आधी कागद बघतो, चित्र नंतर. ही ऑनलाइन मागवली होती दुकानातल्या भिंतीसाठी: थॉमस डॅनियलचं १८०५ चं तैलचित्र, ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारात १७९० चा तह करतोय. मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे.

कागद उत्तम, जाड आणि मॅट. लाल रंग भडकलेला नाही, हे विशेष, कारण स्वस्त प्रिंटमध्ये गोऱ्यांचे लाल डगले आधी बटबटीत होतात. पण ए-थ्री आकारात बसवायला विक्रेत्याने दोन्ही कडा सरळ छाटल्यात. दरबाराचं चित्र ते! कोण कुठे बसलंय यातच सगळं असतं, आणि कडेची माणसं गायब. परत पाठवायला सांगितलं, तर उत्तर ‘हीच साईज येते’.

चित्र मात्र बघत राहावं असं. मॅलेट १७८६ मध्ये पुण्यात कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला वकील, म्हणून आला. त्याआधी बरीच वर्षं गुजरातेत, खंबायतेत. पुण्यात संगमावर राहायचा आणि गाठ होती नाना फडणविसांशी. टिपूविरुद्ध कंपनी, पेशवे आणि निजाम एकत्र आले, ते या तहाने. पुढच्याच वर्षी साहेबांना बॅरोनेट किताब. म्हणजे हे चित्र त्याच्या नोकरीतला सर्वांत मोठा दिवस, आणि काढून घेतलंय त्यानेच. साहेबाने स्वतःच्या सत्काराचा फोटो स्वतःच मोठा करून घ्यावा, तसं.

गंमत अशी, की ज्या चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून ते रंगवलं, तो हिंदुस्थानात आलाच १७९१ मध्ये. तह त्याने पाहिलेलाच नाही. चेहरे मात्र त्याने पुण्यात समोर बसवून काढलेले, म्हणून ते जिवंत वाटतात. वेल्स १७९५ मध्ये वारला, पेशवेही त्याच साली, एकविसाव्या वर्षी. रेखाटनं मॅलेटकडे राहिली. १७९९ मध्ये त्याने वेल्सच्याच मुलीशी, सुझॅनाशी, लग्न केलं.

माझं एक दुखणं: वेरूळची लेणी मॅलेटसाठी काढणारा आपला गंगाराम तांबट. त्याच्या चित्रांची अशी चांगली प्रिंट कुणी काढत नाही. काढली तर दुप्पट दाम देईन.

घ्यायची असेल तर छत्तीस बाय चोवीस इंचांच्या खाली जाऊ नका. पगड्यांची गर्दी लहान आकारात नुसते ठिपके होते. मागवण्याआधी पूर्ण चित्र छापतात का, हे लेखी विचारा. कॅनव्हासच्या नादी लागू नका, त्याच्या विणीत चेहऱ्यांचं बारीक काम बुडतं. कागदच घ्या, माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, ॲसिड-फ्री लावा, काच चकाकी न मारणारी. सोनेरी नक्षीची पट्टी नको, चित्रात आधीच बरंच सोनं आहे.