डोरिको प्रो : स्कोअर संचालकाचा, पार्ट वादकाचे

वाद्यवृंदाची रचना संगणकावर लिहून काढणे आणि ती वादकांच्या स्टँडवर ठेवण्याजोगी करणे, म्हणजे संचालकासाठी सर्व वाद्यांचा एकत्र स्कोअर आणि प्रत्येक वादकासाठी त्याच्यापुरता पार्ट तयार करणे, ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्या कामासाठी आज मोफत मिळणारे म्यूझस्कोअर हे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअरही पुष्कळांना पुरते. स्टाइनबर्ग कंपनीच्या डोरिको प्रो या स्वरलेखनाच्या प्रोग्रामचा खरा कस लागतो तो दुसऱ्या कामात, म्हणून हे परीक्षण मी तेवढ्यापुरतेच ठेवले आहे.

२०१२ मध्ये सिबेलियस या स्वरलेखनाच्या जुन्या प्रोग्रामचे लंडनमधील कार्यालय बंद झाल्यावर तिथल्या बऱ्याच जाणकार मंडळींना स्टाइनबर्गने एकत्र आणले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये डोरिकोची पहिली आवृत्ती आली. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले या तशाच प्रोग्रामचा विकास थांबवल्याची घोषणा झाल्यापासून तिकडचे अनेक वापरकर्तेही इकडे वळले आहेत. प्रत्येक चिन्ह हाताने सरकवण्याची सवय ज्यांना जडली आहे, त्यांना सुरुवातीचे काही दिवस इथे हात बांधल्यासारखे वाटेल, कारण हा प्रोग्राम आधी नियम ठरवायला लावतो आणि अपवादांकडे नंतर वळू देतो.

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ कंडेन्सिंगमध्ये, म्हणजे एकाहून अधिक वाद्यांच्या ओळी एकत्र बसवण्यात, दिसतो. पहिली आणि दुसरी बासरी लिहिताना स्वतंत्र ओळींवर लिहायची. संचालकाच्या स्कोअरमध्ये त्या दोघी एकाच स्टाफवर (स्वर लिहिण्याच्या पाच रेघांच्या पट्टीवर) येतात आणि वादकांच्या पार्टमध्ये मात्र वेगळ्याच राहतात. दोघींचे स्वर एकच असतील तर वर ‘ए २’ अशी खूण पडते, एकच वाजत असेल तर तिचा क्रमांक येतो, लय भिन्न असेल तर स्वरचिन्हांच्या दांड्या वर-खाली विभागल्या जातात आणि हे काहीच जमण्यासारखे नसेल तर त्या ओळीपुरते दोन स्टाफ उघडले जातात. पूर्वी यासाठी स्कोअर आणि पार्ट यांच्या दोन वेगळ्या फायली ठेवाव्या लागत आणि एका फायलीतली दुरुस्ती दुसरीत करायची राहून जाण्याची भीती कायम असे. अर्थात, निर्णय संगीताच्या वाक्यांशागणिक होतो आणि वाक्यांश कुठे संपला हे विरामांवरून ठरते. त्यामुळे विरामाविना चाललेल्या लांब परिच्छेदात एखाद्या बारमधील (तालाच्या एका खंडातील) गुंतागुंतीपायी सगळा परिच्छेद दोन ओळींत पसरू शकतो. चार हॉर्नची मांडणीही बहुधा स्वतःच सांगावी लागते. त्यासाठी हवा तो बदल नेमक्या जागी नोंदवण्याची सोय आहे. मोठ्या स्कोअरमध्ये ही गणिते संगणकाला जड जातात, म्हणून लेखन चालू असताना कंडेन्सिंग बंद ठेवून मांडणीच्या वेळीच ते सुरू करणे श्रेयस्कर.

पानावरच्या उभ्या अंतरांसाठी वेगवेगळ्या गटांतील स्टाफमधले आदर्श अंतर आधी ठरवता येते आणि पानाच्या मांडणीसाठी असलेल्या एनग्रेव्ह मोडमध्ये पान किती टक्के भरले आहे हे दिसते. पान शंभर टक्क्यांपलीकडे गेले की स्टाफ लहान करण्याचा मोह होतो, पण त्याआधी रिकामे स्टाफ लपवून पाहावेत. हाताने करायची सरकवासरकव अगदी शेवटी करावी, कारण ओळींची विभागणी बदलली की ती मेहनत वाया जाते.

पार्टच्या बाबतीत वाद्यवृंदांचे ग्रंथपाल फार काटेकोर असतात आणि ७ मिलिमीटरपेक्षा कमी उंचीचा स्टाफ त्यांना खपत नाही. डोरिकोत प्रत्येक पार्टला स्वतःचा कागद, स्टाफचा आकार आणि अंतरे देता येतात. मला विशेष आवडलेली गोष्ट म्हणजे क्यू : दीर्घ विरामानंतर प्रवेश करणाऱ्या वादकासाठी दुसऱ्या वाद्याची ओळ बारीक अक्षरात दाखवता येते आणि मूळ ओळ बदलली की क्यूही आपोआप बदलतो. पान उलटण्याची जागा मात्र स्वतःच्या डोळ्यांनीच तपासावी. तंतुवाद्यांचे दोन वादक एका स्टँडवर वाचतात. चुकीच्या जागी पान उलटले तर त्या क्षणी विभागातील जवळपास अर्धे गज थांबतात, आणि हे टाळण्यासाठी अर्धे पान कोरे सोडावे लागले तरी चालते. एका पार्टची मांडणी दुसऱ्यावर उतरवण्याची आज्ञा वेळ वाचवते, पण दोघांचे विराम जुळत असतील तरच.

उणीव सांगायची तर पर्यायांचा पसारा. स्टाफचा आकार लेआउटच्या पर्यायांत, स्वर जोडणाऱ्या कमानीची जाडी एनग्रेव्हिंगच्या पर्यायांत आणि एखाद्याच चिन्हाचा अपवाद खालच्या पट्टीत, अशी शोधाशोध नवख्याला करावी लागते. त्यात स्कोअरमध्ये हलवलेली खूण पार्टमध्येही हलावी की नाही, हे एका छोट्या बटणावर अवलंबून असते आणि त्याकडे लक्ष गेले नाही तर दोन्हींत विसंगती राहते. छपाईची बाजू मात्र नीटस आहे : सगळे पार्ट एकदम, योग्य नावांच्या पीडीएफ फायलींत बाहेर पडतात.

चार-पाच वाद्यांसाठी लिहिणाऱ्याने या खर्चात पडण्याचे कारण नाही. पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्याने चाचणी आवृत्ती घ्यावी, आपल्या रचनेतील सर्वांत गर्दीचे पान आणि दुसऱ्या व्हायोलिनचा पार्ट त्यात मांडून पाहावा, आणि मगच पैसे मोजावेत.