आठ हजार रुपयांचे परीक्षण : न्हाणी ट्रॅपच्या पेटंट अर्जानंतरचा अभिप्राय

नळ, जाळ्या, फ्लश टाक्या, ट्रॅप अशा वस्तू बनवणाऱ्या लहान कारखानदारांमध्ये पेटंट हे मोठ्या कंपन्यांचे आणि त्यांच्या वकिलांचे काम आहे, असा समज घट्ट बसलेला दिसतो. आमच्या भोसरीच्या कारखान्यात तयार झालेल्या न्हाणी ट्रॅपचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाच्या परीक्षणातून, म्हणजे वस्तू पेटंटला पात्र आहे का या तपासणीतून, पार पडल्यानंतर मला हा समज पूर्णपणे चुकीचा वाटतो. पेटंट मिळाले नसते तरी परीक्षणासाठी भरलेले पैसे वसूल झाले असते, इतके ते परीक्षण उपयोगी ठरले. म्हणूनच हा अभिप्राय मुख्यतः परीक्षण या सेवेविषयी आहे. अर्जदाराला तिच्यातून काय मिळते, त्यासाठी त्याला काय द्यावे लागते आणि कोणी या वाटेला जाऊ नये, एवढेच येथे मांडतो.

आधी वस्तूविषयी. न्हाणीघरातील जाळीखाली बसणाऱ्या ट्रॅपमध्ये साधारण पन्नास मिलिमीटर पाणी कायम साचून राहावे आणि त्या पाण्याने गटाराचा वास व झुरळे अडवावीत, अशी योजना असते. मे महिन्यात घर बंद करून माणसे गावी जातात, तेव्हा ते पाणी आटते आणि परत आल्यावर दार उघडताच दुर्गंधी सामोरी येते. पाण्याऐवजी झडप किंवा तरंगता गोल वापरून ही वाट बंद करण्याचे प्रयत्न अनेकांनी केले आहेत. परंतु आपल्याकडे त्यात केस आणि साबणाचा मेणचट थर अडकतो, गोल आपल्या बैठकीवर नीट टेकत नाही आणि उरलेल्या बारीक फटीतून वास येतच राहतो. आमच्या ट्रॅपमध्ये बैठकीच्या कडेला तिरकस पन्हळी आहेत. त्यांतून येणारे पाणी गोलाला एका बाजूने लागते, गोल स्वतःभोवती फिरतो आणि प्रत्येक आंघोळीबरोबर बैठक पुसली जाते. पाणी आटले की तोच गोल स्वच्छ बैठकीवर बसतो.

अर्ज केला की परीक्षण आपोआप होते, असे अनेकांना वाटते, तसे नाही. परीक्षणाची मागणी स्वतंत्र अर्जाने करावी लागते, आणि १५ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार नव्या अर्जांसाठी तिची मुदत अग्रक्रम दिनांकापासून (त्या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ४८ महिन्यांऐवजी ३१ महिने झाली आहे. ती चुकली तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी १,६०० रुपये, नेहमीच्या परीक्षणासाठी ४,००० रुपये आणि शीघ्र परीक्षणासाठी ८,००० रुपये पडतात. शीघ्र परीक्षण सर्वांना खुले नाही, परंतु लघुउद्योगांना ते मिळते, त्यामुळे उद्यम नोंदणीचा पुरावा जोडून आम्ही तोच मार्ग घेतला. अर्ज अजून प्रसिद्ध झालेला नसेल तर लवकर प्रसिद्धीसाठी २,५०० रुपये आणखी भरावे लागतात. दहापेक्षा अधिक दावे (आपण नेमका कशावर हक्क सांगतो ते ठरवणारी वाक्ये) आणि तीसपेक्षा अधिक पाने झाली की शुल्क वाढत जाते, ही गोष्ट मसुदा लिहितानाच लक्षात ठेवावी.

या पैशांच्या बदल्यात हाती येतो तो पहिला परीक्षण अहवाल. सगळे जण त्याला एफईआर म्हणतात आणि बहुतेक जण तो उघडताच घाबरतात, कारण पहिल्याच पानावरील सारांशाच्या तक्त्यात नवेपणा, संशोधनात्मक पायरी (जाणकाराला सहज न सुचणारी सुधारणा), दाव्यांची स्पष्टता अशा रकान्यांसमोर कोठे 'होय' आणि कोठे 'नाही' लिहिलेले असते. तो तक्ता म्हणजे निकाल नव्हे. खरे वाचन त्यापुढील तांत्रिक भागात असते आणि तेथे आम्हाला जे मिळाले ते कोणत्याही सल्लागाराने आजवर दिले नव्हते. परीक्षकाने दोन जुने परदेशी दस्तऐवज पुढे ठेवले होते. पहिल्यात आमच्यासारखाच पोकळ गोल पाणी आटल्यावर बैठकीवर उतरत होता. दुसऱ्यात जाळीखालच्या तिरकस पात्यांनी पाण्याला भोवऱ्यासारखी गती दिली होती, जेणेकरून गाळ एका जागी बसू नये. आमच्या पहिल्या दाव्यातील कोणता शब्द त्यांतील कोणत्या आकृतीशी आणि कोणत्या परिच्छेदाशी जुळतो, हे भागाभागाने दाखवले होते. पाणी साचवून वास अडवण्याची युक्ती इंग्लंडमध्ये अलेक्झांडर कमिंग यांच्या १७७५ च्या पेटंटात आढळते, म्हणजे या क्षेत्रात परीक्षकाच्या हाताशी अडीचशे वर्षांचा साठा असतो. त्यातून नेमके हे दोन कागद निवडण्यासाठी वस्तू समजलेली असावी लागते, आणि ती समजली होती.

मुख्य आक्षेप पेटंट कायद्याच्या कलम ३(फ) खाली होता. ज्ञात साधने एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आपापल्या ज्ञात पद्धतीनेच काम करत असतील, तर त्यांची केवळ मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध होत नाही, असे हे कलम सांगते. घरगुती नळजोडणीच्या वस्तूंना जितके हे कलम लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल, कारण आपल्या धंद्यात जवळजवळ सर्वच नव्या वस्तू जुन्या भागांच्या जोडणीतून तयार होतात. सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल प्रत्येक फिटिंगवाल्याने एकदा समजून घ्यावा. भांडी लेथवर धरण्याच्या एका साधनाचे, १९११ च्या जुन्या कायद्याखाली मिळालेले पेटंट त्या खटल्यात टिकले नाही, आणि कारखान्यात कोणताही जाणता कारागीर सहज करील अशी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हे तत्त्व तेथे ठळकपणे मांडले गेले. आमचा परीक्षक याच प्रश्नाच्या भाषेत बोलत होता : गोल ठाऊक आहे, भोवरा ठाऊक आहे, दोन्ही एकत्र आणल्याने नवे काय घडते?

या प्रश्नाचे उत्तर लिहिताना आमच्या वस्तूचे मर्म आम्हालाच अधिक नीट कळले, आणि माझ्या दृष्टीने या सेवेचे सर्वांत मोठे मोल येथेच आहे. दुसऱ्या दस्तऐवजातील भोवरा गाळ हलता ठेवण्यासाठी आहे. तेथे गोल नाही. पहिल्यातील गोल फक्त वर-खाली होतो, फिरत नाही. आमच्या ट्रॅपमध्ये पन्हळी गोलाला फिरवतात आणि फिरणारा गोल बैठक पुसतो, म्हणजे दोन्ही भाग एकमेकांवर अवलंबून आहेत आणि दोहोंपैकी एकट्याने जे साधत नाही ते त्यांच्या जोडीने साधते. हे केवळ शब्दांत सांगून भागले नसते. मूळ तपशीलपत्रात, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या सविस्तर वर्णनात, आम्ही चाचणी लिहिली होती : ट्रॅपमध्ये केस आणि साबणाचा थर मुद्दाम साचवायचा, पाणी सोडायचे, नंतर ट्रॅप कोरडा करून बाहेरच्या तोंडातून उदबत्तीचा धूर आत सोडायचा आणि जाळीवर धूर दिसतो का ते पाहायचे. पन्हळी असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही नमुन्यांचे निष्कर्ष तेथे होते आणि उत्तरात त्यांचाच आधार घेता आला.

ही चाचणी मूळ कागदात असणे का आवश्यक आहे, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. कलम ५९ नुसार अर्जात नंतर केवळ दावा आवरता घेणारी, चूक दुरुस्त करणारी किंवा स्पष्टीकरण देणारी दुरुस्ती करता येते. जे मूळ तपशिलात उघड केलेले नाही ते मागाहून घालता येत नाही. म्हणून प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज घाईने करून ठेवला तरी त्यानंतरच्या बारा महिन्यांत दाखल करायच्या संपूर्ण तपशीलपत्रात प्रत्येक पर्याय, प्रत्येक कोन आणि प्रत्येक चाचणी लिहून ठेवावी. परीक्षकाने आमच्या 'केस अडकू न देणारी बैठक' या शब्दांवरही बोट ठेवले होते, आणि ते योग्यच होते. दाव्यात इच्छित परिणाम लिहून चालत नाही, तो घडवणारी रचना लिहावी लागते. त्या शब्दांच्या जागी पन्हळींची दिशा आणि त्यांचे गोलाशी असलेले स्थान लिहिल्यावर दावा अरुंद झाला हे खरे, परंतु तो आता नक्कल करणाऱ्याला नेमका कोठे अडवतो हे कोणालाही वाचून कळते.

उत्तरासाठी सहा महिने असतात आणि शुल्क भरून आणखी तीन महिने मिळतात. मुदतीत उत्तर न दिल्यास अर्ज सोडून दिला असे मानले जाते. आक्षेप शिल्लक राहिले तर नियंत्रकापुढे, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्यापुढे, सुनावणी होते. ती व्हिडिओवर होत असल्याने मुंबईच्या अँटॉप हिल येथील कार्यालयात हेलपाटे घालावे लागत नाहीत, आणि अर्जांचे वाटप चारही कार्यालयांतील परीक्षकांमध्ये होत असल्याने मुंबईत दाखल केलेला अर्ज दिल्लीत किंवा चेन्नईत तपासला जाऊ शकतो. सुनावणीला बसताना आम्ही अर्धा कापलेला ट्रॅप बरोबर ठेवला होता. कॅमेऱ्यासमोर पाणी ओतून गोल फिरताना दाखवल्यानंतर चर्चा एकदम मुद्द्यावर आली. लेखी निवेदन त्यानंतर पंधरा दिवसांत द्यायचे असते, आणि ते सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी, बोलणे ताजे असताना लिहावे, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

उणिवाही आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. नियमांनुसार कागदपत्रे केवळ इंग्रजी किंवा हिंदीत चालतात. ट्रॅप बनवणारा, त्याचा साचा कापणारा आणि तो बसवणारा प्लंबर हे सर्व मराठीत विचार करतात; त्यांच्या तोंडचे वर्णन मसुदेकाराच्या इंग्रजीत जाताना नेमकेपणा हरवतो, आणि आक्षेप बहुतेक वेळा अशाच हरवलेल्या जागांवर येतात. मराठीतून निदान संपूर्ण तपशीलपत्र स्वीकारण्याची आणि त्याचे अधिकृत भाषांतर करून घेण्याची सोय व्हावी, असे मला मनापासून वाटते. दुसरी उणीव परीक्षणाबाहेरची आहे. अर्जापूर्वी आम्ही एका खासगी शोधसंस्थेकडून पूर्वशोधाचा, म्हणजे अशी वस्तू आधी कोठे नोंदली गेली आहे का याचा, अहवाल घेतला होता. त्यासाठी परीक्षणाच्या शुल्काहून बरीच जास्त रक्कम मोजूनही, परीक्षकाने दाखवलेल्या दोन दस्तऐवजांपैकी एकही त्यात नव्हता. फक्त 'ट्रॅप' हा शब्द असलेल्या पेटंटांची लांबलचक यादी होती. ज्यांना जमते त्यांनी इनपास (भारतीय पेटंट कार्यालयाचे) आणि एस्पासनेट (युरोपीय पेटंट कार्यालयाचे) या विनामूल्य संकेतस्थळांवर स्वतःच शोध घ्यावा. तो शब्दावरून न घेता पेटंटांना विषयवार दिलेल्या वर्गीकरणाच्या क्रमांकावरून घ्यावा : वास अडवणाऱ्या रचनांसाठी इ०३सी १/२८ (E03C 1/28) आणि जमिनीतील निचऱ्यासाठी इ०३एफ ५/०४ (E03F 5/04). एकेक आकृती चाळत बसण्याचे हे काम कंटाळवाणे असले तरी वस्तू बनवणाऱ्याइतके ते दुसऱ्या कोणालाही नीट जमत नाही.

अर्ज दाखल होण्याआधी पुण्याच्या बोहरी आळीतल्या व्यापाऱ्याला नमुना देऊ नये आणि प्रदर्शनात मांडू नये. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, परंतु व्यापाऱ्याच्या काउंटरला ती नाही. पेटंट मिळाल्यावरही वर्षभर कोणीही हितसंबंधी विरोध दाखल करू शकतो, आणि तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचे शुल्क सुरू होते, जे लहान अर्जदाराला पहिली काही वर्षे ८०० रुपये पडते.

ज्यांच्या जाळीचे किंवा नळाचे वेगळेपण केवळ नक्षीत, घडणीत किंवा आकारात आहे, त्यांनी या परीक्षणावर पैसे खर्च करू नयेत. त्यांच्यासाठी डिझाइन कायदा, २००० खालील नोंदणी आहे. ती दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण देते. ज्यांच्या वस्तूत पाण्याची वाट, दाब किंवा झडपेची हालचाल खरोखर बदललेली आहे, त्या लघुउद्योजकांनी मात्र शीघ्र परीक्षणच घ्यावे आणि अहवाल आल्यावर तो मसुदेकाराकडे पाठवण्याआधी साचा बनवणाऱ्या माणसाबरोबर बसून वाचावा.