ठिपके गेले आणि मी फसले

औषधाच्या पहिल्या बाटलीनंतर चौथ्या दिवशी माझ्या माशांवरचे ठिपके खरंच गेले होते. माझी फसवणूक झाली ती नेमकी तिथे.

माझा टँक 80 लिटरचा. त्यात 5 मॉली आणि 2 गुरामी, वर्षभर धडधाकट. तळाशी पडलेलं खाणं उचलायला कोणीतरी हवं म्हणून दुकानदाराने 2 क्लाउन लोच गळ्यात मारले. हा मासा पुढे फूटभर होतो आणि 80 लिटरमध्ये त्याला मान वळवायलाही जागा उरत नाही, हे त्याने सांगितलं नाही. (माशाला मान नसते, पण तुम्हाला कळलं.) नवीन मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवावेत हेही त्याने सांगितलं नाही, पण ते मला माहीत होतं. आळस केला. ती चूक माझी.

पाचव्या दिवशी लोचच्या शेपटीवर बारीक मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. पाठोपाठ मॉलींच्या परांवरही. मासे पर मिटून एका कोपऱ्यात राहायचे आणि मधेच सुळकन खाली जाऊन खडीवर अंग घासायचे. मोबाइलमधला फोटो बघताच दुकानदार म्हणाला, "व्हाईट स्पॉट. काळजी करू नका ताई, रोजचंच आहे." निदान अगदी बरोबर होतं. त्यामुळे पुढचं सगळं मी मान डोलावून ऐकलं.

त्याने लाल टोपीची छोटी बाटली दिली. आत गडद निळं पाणी, बाहेर चिकटपट्टीवर मार्करने "स्पॉट" एवढंच लिहिलेलं. घटक नाहीत, मुदत नाही, किती लिटरला किती घालायचं तेही नाही. "टोपणभर टाका. पाणी मात्र बदलू नका, औषध वाया जातं." घातल्यावर टँक शाईच्या दौतीसारखा दिसायला लागला आणि दुसऱ्या सकाळी पाणी पुन्हा जवळजवळ नितळ. फोन केला तर म्हणतो, "औषध मुरलं." मुरलं कसलं! फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी होती, तिने रातोरात रंग शोषला होता. औषध घालण्याआधी कार्बन काढायचा असतो, ही अगदी पहिली सूचना. ती द्यायची राहिली, की त्या पाण्यात काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक असल्यामुळे गरजच वाटली नाही, देव जाणे.

तरीही ठिपके गेले. ते का गेले हे मला फार उशिरा समजलं, आणि तेवढं आधी माहीत असतं तर मी दुसरी बाटली घेतलीच नसती.

हा रोग इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस नावाच्या एकपेशीय परजीवीचा. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेखाली बसून खाणारा एकेक जीव. पोट भरलं की तो आपणहून गळून पडतो, खडीवर किंवा झाडाच्या पानावर स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जातो. एकातून शेकडो पिल्लं होतात. ती बाहेर पडली की त्यांना साधारण एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो, नाहीतर ती मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. त्वचेखालच्याला नाही, कवचातल्याला नाही. 25 अंशांच्या आसपासच्या पाण्यात हा फेरा आठवड्याच्या आत पूर्ण होतो. म्हणजे मधले काही दिवस मासा स्वच्छ दिसणारच, बाटलीत औषध असो की नळाचं पाणी. विकणाऱ्याला फक्त कधी फोन करायचा ते माहीत हवं. त्याने चौथ्या दिवशी केला होता. "गेले ना ठिपके?"

पुढच्या आठवड्यात ते दसपटीने परतले. या वेळी निळ्याच रंगाची पण हिरव्या टोपीची बाटली मिळाली. "आता बुरशी चढलीय, हे स्ट्राँग आहे. फिल्टर 4 दिवस बंद ठेवा." मी ठेवला. फिल्टरच्या स्पंजमध्येच ते जिवाणू राहतात, जे माशांनी सोडलेला विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. पाणी फिरायचं थांबलं की त्यांना ऑक्सिजन मिळत नाही. तिसऱ्या दिवशी गुरामी पृष्ठभागावर येत होते, त्याकडे मी लक्ष दिलं नाही, कारण गुरामी हवा घ्यायला तसेही वर येतात. मॉलीही वर तोंड काढून धापा टाकायला लागल्या तेव्हा धसका बसला. एक लोच सकाळी हीटरच्या मागे आडवा मिळाला.

दुकानदाराने पिवळ्या पुडीत "अँटिबायोटिक" काढून दिलं. जिवाणूंवरचं औषध एकपेशीय परजीवीवर काय करणार, हा प्रश्न त्या दिवशी मला सुचला नाही.

चौथ्यांदा गेले तेव्हा दुकानात गर्दी होती, म्हणून मी आतल्या बाजूला सरकून उभी राहिले. तिथे एक पोरगा जमिनीवर मांडी घालून बसला होता. समोर एकच निळा कॅन, नरसाळं आणि रिकाम्या बाटल्यांची रांग. तो एकामागून एक भरत होता आणि टोप्या लावत होता: चार लाल, चार हिरव्या, चार पांढऱ्या. पांढरी कशाची विचारलं तर म्हणाला, "खवले उभे राहतात ना, त्याची." खवले उभे राहणं हे लक्षण आहे. त्यामागे जंतुसंसर्ग असेल, मूत्रपिंड निकामी झालेलं असेल, त्याला एक बाटली कशी असेल? मालकाला मी कॅन दाखवला. तो जरासुद्धा ओशाळला नाही. "कंपनी एकच आहे ना ताई."

घरी येऊन शेवटी अमोनियाचं टेस्ट किट उघडलं, जे पहिल्याच दिवशी उघडायला हवं होतं. परीक्षानळीतलं पाणी पिवळं राहायला हवं, ते गडद हिरवं झालं. त्याच रात्री निम्मं पाणी बदललं, क्लोरीन काढून, तापमान जुळवून. फिल्टर सुरू केला, कार्बन काढला. हीटर रोज एकेक अंशाने वाढवत 30 वर नेला, म्हणजे परजीवीचा फेरा लवकर संपतो आणि पिल्लं औषधाच्या तावडीत सापडतात. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, म्हणून हवेचे बुडबुडे सोडणारा जादा एअर स्टोन. औषध सीलबंद आणलं, त्यावर मॅलॅकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन असं स्पष्ट छापलेलं. लोच या औषधाला नाजूक, म्हणून मात्रा निम्मी. रोज खडीतली घाण सायफनच्या नळीने ओढायची आणि बदललेल्या पाण्यापुरतं औषध पुन्हा घालायचं. ठिपके गेल्यावरही हे आठवडाभर चालू ठेवलं. सगळ्यात जड तेच गेलं, कारण टँक बघून वाटायचं, आता पुरे.

3 मॉली, दोन्ही गुरामी आणि एक लोच वाचले. तो लोच आता ओळखीच्यांच्या मोठ्या टँकमध्ये, सहा जणांच्या टोळीत आहे. माझ्या टँकच्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन अजून निळं आहे, कितीही घासलं तरी निघत नाही. त्यावरून वाटतं, कॅनमध्ये मिथिलीन ब्लू असावं. माशांच्या अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून ते वापरतात.