हिवाळ्यात मनालीला निघण्यापूर्वी: आपत्कालीन बिवी पिशवीचे परीक्षण

अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला आणि लाहौलचा बर्फ ऐन हिवाळ्यातही पर्यटकांच्या आवाक्यात आला. पुण्या-मुंबईहून नाताळच्या सुट्टीत मनालीला जाणारी अनेक कुटुंबे आता बोगदा ओलांडून सिस्सूपर्यंत जातात, आणि दुपारनंतर बर्फवृष्टी सुरू झाली की परतीच्या उतारावर वाहनांच्या रांगा लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि बोगदा यांच्या दरम्यान सुमारे हजार वाहने अशीच अडकली होती. अशा रात्री उपयोगी पडावी म्हणून विकली जाणारी आपत्कालीन बिवी, म्हणजे अंगावर चढवायची चंदेरी अस्तराची पिशवी, खरोखर कितपत कामाची आहे, हे पाहण्यासाठी मी ती शून्याखालच्या तापमानात, उघड्यावर आणि गाडीतही वापरून पाहिली.

बिवीची घडी मुठीत मावते आणि तिचे वजन भ्रमणध्वनीपेक्षाही कमी भरते. प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर ॲल्युमिनियमचा सूक्ष्म थर असल्यामुळे शरीरातून बाहेर पडणारी उष्णता बऱ्याच प्रमाणात परत फिरते. नासाने १९६४ मध्ये विकसित केलेल्या पडद्याचेच हे तत्त्व आहे. तथापि माझ्या मते बिवीचा खरा गुण परावर्तनात नसून वारा अडवण्यात आहे. दुकानांत स्वस्तात मिळणारी सुटी चंदेरी चादर वाऱ्यात फडफडते, दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागते आणि एकदा कड फाटली की चीर सरळ शेवटपर्यंत जाते. बिवी चहूबाजूंनी बंद असल्याने हात मोकळे राहतात आणि वारा आत शिरत नाही. केवळ या फरकासाठी चादरीऐवजी बिवीवर अधिक पैसे खर्च करणे मला योग्य वाटते.

मात्र या पडद्याला जाडी नाही, आणि जाडी नसली की जमिनीत ओढली जाणारी ऊब तो अडवू शकत नाही. नुसती बिवी घालून गोठलेल्या जमिनीवर आडवे होताच पाठीला आणि कुल्ल्यांना थंडी बोचू लागली. खाली फोमची मॅट सरकवल्यावर मात्र लगेच फरक पडला. गाडीत आसनाचा फोम हे काम करतो, परंतु पायांखालचा पत्रा अतिशय गार पडतो, म्हणून पाय बिवीत घालून खाली सॅक किंवा रबरी मॅट ठेवावी. आत लोकरीचे किंवा फ्लीसचे कोरडे कपडे हवेतच. भिजलेली सुती जीन्स तशीच ठेवून वरून बिवी चढवल्यास तिचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरी उणीव घामाची आहे. पडद्यातून वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे काही वेळातच आतल्या बाजूला बारीक थेंब धरले आणि पहाटेपर्यंत पायांकडच्या भागात त्यांची पांढरी खरखरीत साय झाली. चेहरा सतत बाहेर ठेवला आणि तोंडाची बाजू अधूनमधून सैल केली तर ओल कमी साचते. श्वास आत सोडण्याचा मोह कितीही झाला, तरी डोक्यावरून पिशवी ओढून घेऊ नये. आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: वेष्टनाचे प्लास्टिक इतके गुळगुळीत असते की बधिर बोटांनी किंवा हातमोजे घालून ते फाडता येत नाही. घरूनच त्याला कात्रीने खाच देऊन ठेवावी.

गाडीत अडकलेल्यांसाठी थंडीइतकाच मोठा धोका सायलेन्सरच्या तोंडाशी असतो, आणि त्यावर बिवी काहीच करू शकत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकून वीसहून अधिक पर्यटकांचा मृत्यू झाला. त्यांतील अनेकांचा बळी गाडीत साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला असावा, असे तेव्हा सांगण्यात आले होते. बर्फाने सायलेन्सर बुजला आणि हीटरसाठी इंजिन चालूच राहिले, की हा वासहीन वायू आत शिरतो आणि माणूस गुंगीत जातो. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ प्रत्येक वेळी उकरावा, तासाला दहाएक मिनिटेच हीटर चालवावा आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच दोन बोटे उघडी ठेवावी. बिवीचा इथला उपयोग इतकाच, पण तो मोलाचा: इंजिन बंद असलेल्या उरलेल्या वेळात ती ऊब टिकवून धरते. त्यामुळे ज्यांच्याकडे फावडे नाही, त्यांनी आधी लहान घडीचे फावडे घ्यावे आणि मग बिवी.

खूप कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला, अडखळत बोलू लागला किंवा झोपाळू झाला, तर ते बरे होण्याचे लक्षण नव्हे. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली बरेच उतरले असण्याची शक्यता असते. त्याला कोरडे कपडे घालून बिवीत बसवावे, दुसऱ्याने अंगाशी धरावे आणि पूर्ण शुद्धीत असेल तरच कोमट, गोड पेय पाजावे. दारू देऊ नये, कारण तिने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ऊब अधिकच निसटते. तहान लागली म्हणून बर्फ चघळू नये. तो वितळवायला शरीराचीच उष्णता खर्च होते. थर्मासमधले पाणी आणि शेंगदाण्याची चिक्की हाताशी असावी.

घेताना नारिंगी रंगाची, शिट्टी जोडलेली आणि जाड कपड्यांसह आत मावेल इतकी रुंद बिवी निवडावी. माणशी एक घ्यावी. लहान मुलासाठी वेगळी न घेता मोठ्या माणसाच्या पिशवीत त्याला सामावून घ्यावे, इतकी जागा रुंद प्रकारात असते. एका वापरानंतर घड्यांवरचा चंदेरी थर उडू लागतो, त्यामुळे दरवर्षी तीच पुन्हा बांधून नेण्याच्या भरवशावर राहू नये. बिवी डिकीत न ठेवता मागच्या आसनाच्या खणात ठेवावी, कारण बर्फ साचला की डिकी उघडत नाही.